निमरूदची माणसं, लालबागहून

लालबाग, मुंबई

प्रिय बाय,



तुझी मेल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. मोबाइलवर मला सलग वाचवत नाही, आणि तू लिहायला बसलीस की थांबत नाहीस. ब्रिटिश म्युझियममधल्या असिरियन दालनांत गेलीस, ते दगडी पट बघितलेस आणि वैतागून बाहेर येऊन बसलीस, असं लिहिलंयस. सरांनी निबंधाला विषय दिलाय ‘कोरीव शिल्पांतलं दैनंदिन जीवन’, आणि तुला तिथे मुंडकी, बाण आणि सुळावर चढवलेली माणसं यांच्यापलीकडे काही सापडेना. ‘मामा, तू मूर्तीतला माणूस. यात रोजचं जगणं कुठे शोधू ते तूच सांग.’

सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट ऐक. हे दगड लंडनला गेले ते आपल्या मुंबईवरून.

१८४५ मध्ये ऑस्टिन हेन्री लेयार्ड नावाच्या तरुण इंग्रजाने मोसुलच्या दक्षिणेला, टायग्रिस नदीजवळ निमरूदचं टेकाड उकरायला घेतलं. खाली निघालं कल्हू, असिरियन राजांची राजधानी. तिथे दुसऱ्या अशुर्नसिरपालचा राजवाडा होता. याची कारकीर्द इसवी सनापूर्वी ८८३ ते ८५९. भिंती मातीच्या विटांच्या, आणि त्यांना आतून टेकवून उभे केलेले माणसाहून उंच जिप्समचे पट. हे धूड विलायतेला न्यायचं कसं? नदीकाठच्या लोकांकडे उपाय फार जुना होता. शेळ्यामेंढ्यांची अख्खी कातडी फुगवायची, तोंडं बांधायची, वर लाकडं टाकायची, की तराफा तयार. त्याला तिकडे केलेक म्हणतात. केलेकवरून नदीने बसरा, बसऱ्याहून जहाजाने मुंबई, आणि मुंबईहून दुसऱ्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून विलायत. सुएझचा कालवा व्हायला अजून वीस वर्षं होती. तराफा खाली पोचला की लाकडं विकून टाकायची, कातड्यांतली हवा सोडायची आणि ती गाढवांवर लादून पुन्हा वरच्या गावाला न्यायची. म्हणजे परतीच्या प्रवासात गाडीच पाठीवर!

तुमच्या म्युझियममधला तिसऱ्या शल्मनेसरचा काळा स्तंभ १८४६ च्या डिसेंबरात सापडला. तोही याच वाटेने गेला. पेट्या मुंबईत उघडल्या गेल्या, लोकांनी आत डोकावून बघितलं, आणि त्यात काही लहान वस्तू गहाळ झाल्या, अशी तक्रार लेयार्डने पुढे पुस्तकात छापली आहे. त्याचा राग मला कळतो. पण ज्याने दुसऱ्याच्या राजवाड्याची भिंत सोलून नेली त्याने भुरट्या चोरीबद्दल गळा काढावा, हे वाचून मला हसूही आलं.

निमरूदचे काही पट मात्र इथेच राहिले. आपल्या म्युझियममध्ये आहेत. नाव आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण बसचा कंडक्टर अजून ‘म्युझियम’ एवढंच ओरडतो. लहानपणी तुला मी तिथे ममी बघायला नेलं होतं आणि या पटांसमोरून तू धावत गेली होतीस. तुझा दोष नाही, सगळीच मुलं धावतात. निमरूदमधला मूळ राजवाडा २०१५ मध्ये आयसिसवाल्यांनी स्फोटकं लावून उडवला. त्यामुळे लंडन, न्यूयॉर्क, बर्लिन, मुंबई असे जगभर पांगलेले हे तुकडे आता जास्तच जपायला हवेत. ते मुळात पांगायला हवे होते का, हा वाद तुम्ही पोरांनी करा. माझं मन दोन्हीकडे जातं.

आता बघायचं कसं ते.

तू दालनाच्या मधोमध उभी राहून पाहिलंस, म्हणून तुला नुसती लढाई दिसली. लांबून बघितलं की राजाला जे दाखवायचं होतं तेच दिसतं. पट तसेच बसवलेले आहेत, दरबारात आलेल्या परक्या वकिलाच्या छातीत धडकी भरावी म्हणून. तू भिंतीला खेटून चाल. एका कडेने, तिरप्या उजेडात. गणपतीच्या कारखान्यात आम्ही रंग देण्याआधी मूर्तीवर बाजूने बल्ब धरतो, तेव्हा प्लास्टरमधली प्रत्येक खोट वर येते. तसंच बघायचं.

पहिली गोष्ट दिसेल ती ही, की उठाव अगदी कमी आहे. बोटाच्या जाडीपेक्षा फारसा नाही. आपल्या घारापुरीच्या लेण्यांत मूर्ती कातळातून पुढे येते, तिच्या पाठीमागे अंधार साठतो. इथे तसलं काही नाही. इथे कारागिराने सगळं काम रेषेवर निभावलंय. दगड मऊ, लोखंडी छिन्नीला लोण्यासारखा, म्हणून दाढीचा एकेक वळसा, वस्त्राची एकेक झालर, पोटरीचा ताठलेला स्नायू निवांत काढता आला. आणि हे सगळं रंगवलेलं होतं. काही पटांवर काळ्या, पांढऱ्या, तांबड्या, निळ्या रंगाचे कण अजून सापडतात. कुठे डोळ्यांत, कुठे केसांत, कुठे वहाणांत. डोळ्यांत काळा-पांढरा रंग सापडला हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्याकडे हात, पाय, सोंड सगळं साच्यातून निघतं, पण डोळ्यांची आखणी हातानेच करावी लागते आणि ती कोणालाही जमत नाही. कल्हूतही कोणीतरी आखणी करणारा असणार, आणि तोही राजवाडा उघडायच्या आदल्या रात्री जागा असणार.

चेहरे बघ. राजाचा, सेवकाचा, सैनिकाचा, सगळ्यांचा चेहरा एकच. नाक तेच, डोळा तोच, ओठांची घडी तीच. फरक दाढीचा आणि टोपीचा. याला मी कारागिराची कमतरता म्हणणार नाही. ठरवून दिलेला साचा आहे. दरबाराच्या माणसांना तिथे स्वतःचा चेहरा ठेवायची परवानगी नव्हती. त्यात भर म्हणजे अशुर्नसिरपालने पटांच्या मधोमध, कोरलेल्या अंगांवरून आडवा लेख खोदवून घेतला. आपल्या पदव्या, जिंकलेले मुलूख, राजवाड्याला कुठकुठलं लाकूड लावलं त्याची यादी, आणि तोच मजकूर पटामागून पट. ज्याने झालरीचा एकेक धागा काढला त्याने त्यावरून अक्षरं जाताना काय म्हटलं असेल? मी असतो तर छिन्नी टाकून चहा प्यायला गेलो असतो.

पण साचा राजाजवळ जेवढा घट्ट, तेवढाच कडेला सैल. तुझा निबंध या कडेलाच आहे.

अशुर्नसिरपालच्या लष्करी तळाचा पट शोध. वरून बघितल्यासारखं गोल आवार, त्याचे चार भाग, आणि प्रत्येक भागात माणसं कामाला लागलेली. कोणी जनावर कापतोय, कोणी भट्टीपाशी उभा आहे, कोणी वाढप्याच्या लगबगीत. शेजारी मांडवाखाली घोड्यांना खरारा चाललाय. युद्ध शेजारच्या पटावर आहे, इथे फक्त स्वयंपाक आहे. मग नदी ओलांडण्याचे पट बघ. रथ नावेत चढवलाय, घोडे पाण्यातून पोहताहेत, आणि माणसं फुगवलेल्या कातड्यांवर पालथी पडून हात मारताहेत. दुसऱ्या एका पटावर तिघे जण पाठीमागून येणारे बाण चुकवत किल्ल्याकडे पोहतात. दोघांकडे कातडी आहेत आणि त्यांची तोंडं त्यांनी ओठांत धरली आहेत, हवा जाईल तशी फुंकत राहायला. तिसऱ्याकडे कातडं नाही, तो नुसताच पोहतोय. ज्याने हे कोरलं त्याने कोणाला तरी असं पोहताना बघितलेलं आहे. हे बसल्या जागी सुचत नाही. आणि हाच पट सत्तावीसशे वर्षांनी तशाच कातड्यांच्या तराफ्यावरून त्याच नदीतून खाली गेला. लेयार्डलाही ते जाणवलं होतं.

सेनाखेरिब या नंतरच्या असिरियन राजाच्या निनवेच्या राजवाड्यात एक मोठी मालिका आहे, पंखवाला बैल खाणीतून राजवाड्यापर्यंत ओढत नेतात ती. (पंखवाला बैल बघायला तुला लंडनला जायची गरज नव्हती. फोर्टात माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी पारशांनी तसलेच मानवी मुखाचे बैल बसवलेत. निमरूदच्या जुन्या बैलांना पाय पाच असतात. समोरून दोन दिसावेत आणि बाजूने चार, म्हणून एक जास्तीचा. असली लबाडी फक्त कारागिरालाच सुचते.) तर तो बैल घसरगाडीवर आडवा घातलाय, चार दोर बांधलेत, दोरांना माणसांच्या रांगा जुंपल्यात, मागून तरफ लावून गाडी उचलताहेत, आणि वर मुकादम उभे आहेत. त्या मालिकेत नदीकाठी एक माणूस लाट ओढून पाणी काढतोय. एका टोकाला बादली, दुसऱ्या टोकाला वजन. आपल्या आजोळच्या विहिरीवर हेच होतं, तू त्यावर लोंबकळायचीस. सत्तावीसशे वर्षांत त्यात काडीचा बदल झाला नाही, आणि मग पंधरा वर्षांत पंप आले आणि लाट गेली.

आता मला जे खरोखर सांगायचंय त्याकडे येतो.

तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरचा एक पट आहे, तोही निमरूदचा, इसवी सनापूर्वी ७४५ ते ७२७ या काळातला. एक गाव पडलंय. शेळ्यामेंढ्या हाकलत नेताहेत, बैलगाड्यांत बायका बसल्यात. आणि तिथे दोन कारकून शेजारी शेजारी उभे आहेत. एकाच्या हातात पाटी आणि कोरणी, तो बाणाग्र लिपीत लिहितो. दुसऱ्याच्या हातात गुंडाळी आणि लेखणी, तो अरामी भाषेत. एकाच लुटीची दोन भाषांत नोंद चालू आहे. कारकुनी तेव्हाही दोन प्रतींतच!

या पटासमोर थांब. कारण इथे कळतं की रोजचं जगणं या दगडांत आलंच कसं. असिरियन राजाला लोकांच्या संसाराचं कौतुक नव्हतं. त्याला पुरावा हवा होता, की अमुक गावातून एवढी जनावरं, एवढ्या गाड्या, एवढी माणसं आणली. पंचनामा करायचा तर भांडं भांड्यासारखंच दिसायला हवं, गाडीचं चाक त्या मुलखातल्या चाकासारखंच हवं, डोक्याचं बांधणं त्या लोकांचंच हवं, नाहीतर बघणाऱ्याला पटणार कसं? म्हणून त्या कडेच्या माणसांची लुगडी, बोचकी, जनावरं इतक्या इमानाने उतरली. घर जागेवर असेपर्यंत ते कोरायला कोणी आलं नाही. हातातून गेलं त्या दिवशी ते दगडावर चढलं.

हे मला पुस्तकातून समजलं नाही, बाय. तुझ्या आजोबांची गिरणी १८ जानेवारी १९८२ ला संपात गेली. अडीच लाख माणसं बाहेर होती, म्हणजे लालबाग-परळमध्ये घर शिल्लक नव्हतं ज्यात कोणी ना कोणी नव्हतं. आजी खानावळ चालवायची, हे तुला ठाऊक आहे. सहा-सात गिरणी कामगार आमच्या खोलीत पंगतीला बसायचे. संप लांबला तसे ते गावाला गेले, पंगत मोडली, आणि भांडी निघाली. आमच्या त्या संसाराचा एकही फोटो नाही. फोटो लग्नात काढायचे, चुलीपाशी कोण काढतं? आहे ती फक्त सावकाराची चिठ्ठी. ‘तांब्याचा हंडा १, पितळी कळशी १, परात मोठी २’, पुढे वजन, पुढे रक्कम. ती ट्रंकेत आहे, आलीस की दाखवतो. आजीच्या स्वयंपाकघराचं जगात उरलेलं लेखी वर्णन तेवढंच, आणि ते लिहिलं कोणी, तर ते घेऊन जाणाऱ्याने. तिग्लथ-पिलेसरचे ते दोघे कारकून मला म्हणूनच परके वाटत नाहीत. त्यांच्याबद्दल प्रेम वाटतं असं नाही. पण त्यांनी वजन बरोबर लिहिलं.

म्हणून लाकीशच्या दालनात परत जा. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये सेनाखेरिबने यहुदाचं ते गाव घेतलं आणि निनवेत एका खोलीच्या भिंतींवर त्याची सगळी हकीकत कोरवली. तू मधल्या भागात अडकलीस, जिथे वेढा आणि ज्वाळा आहेत. तू उजवीकडे सरक. तिथे माणसं गाव सोडून चाललीत. बायकांच्या खांद्यावर बोचकी आहेत. पोरं गाडीवर सामानावर बसलीत. आणि गाडीच्या बैलाच्या बरगड्या बघ, एकेक मोजता येते. वेढा पडला की माणसांच्या आधी जनावरांचा चारा संपतो, हे कोरणाऱ्याला माहीत होतं. मुकादमाने त्याला ‘बरगड्या काढ’ असं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. राजाची शान त्याने वाढत नाही, कमीही होत नाही. तिथे एक हात आपणहून चालला आहे.

सरांचा नियम काय असेल तो असो, पण निबंधात एक गोष्ट जरूर लिही. या सगळ्या भिंतींवर असिरियन बाई जवळजवळ नाही. बायका आहेत त्या हरलेल्यांच्या. अशुर्नसिरपालने राजवाड्याच्या उद्घाटनाला जेवण घातलं, त्याचा शिलालेख १९५१ मध्ये निमरूदला सापडला. दहा दिवस पंगती, ६९,५७४ माणसं, दहा हजार घडे बिअर आणि दहा हजार बुधले द्राक्षाची दारू. पाहुण्यांचीही फोड दिलीय, मुलखामुलखातून आलेले ४७,०७४ पुरुष-बायका, ५,००० परदेशी वकील, कल्हू गावचे १६,०००, राजवाड्यातले १,५००. सगळं मोजलं. भाकऱ्या कोणी थापल्या ते मोजलं नाही. तळाच्या पटावर दिसतात ते पुरुष आचारी. गावातल्या चुली कुठेच दिसत नाहीत, कारण आपल्याच गावाच्या लुटीचा पट राजा कोरवत नाही, त्यामुळे पंचनामाही नाही. अपवाद एक, नंतरच्या अशुर्बनिपाल राजाच्या बागेतल्या मेजवानीत त्याची राणी लिब्बाली-शर्रत समोर खुर्चीवर बसलीय. राजा द्राक्षवेलीखाली लवंडलाय, वारा घालणारे आहेत, वाजवणारे आहेत, आणि झाडाला एलामच्या राजाचं मुंडकं टांगलंय. ते बघून तुला मळमळलं, साहजिक आहे.

त्याच अशुर्बनिपालच्या दुसऱ्या एका पटावर, एलाम जिंकल्यानंतर, नव्या राजाच्या स्वागताला तिथले लोक गात-वाजवत येतात. वीणेसारखी तंतुवाद्यं आहेत, जोडपावा आहे, मुलं टाळ्या वाजवताहेत. त्यात एक बाई गळ्याला हात लावून गातेय, आवाजाला कंप यावा म्हणून. हा बारकावा मी बघितला तेव्हा मला परळचा शंकर आठवला.

१९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक शिळा निघाली. माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच, एकाच दगडातली, पाचव्या-सहाव्या शतकातली. मधे शिव, त्याच्यातून वर शिव, त्याच्याही वर शिव, आणि बाजूंनी फुटावेत तसे आणखी, मिळून सात. ती बारादेवीच्या देवळात ठेवलीय, तिथे पूजा होते. पंडित लोक तिच्यावर पानंच्या पानं लिहितात, आणि लिहावीच अशी ती आहे. असं वर चढत गेलेलं शिल्प मी दुसरं बघितलेलं नाही. पण माझी नजर दरवेळी खाली जाते, पायाशी पाच गण बसलेत तिकडे. पोटं सुटलेले, बुटके, हातांत वाद्यं घेतलेले. वर देव अनंत होत चाललाय आणि खाली ही मंडळी मजेत वाजवताहेत. त्यांच्यासमोर बसलं की दीड हजार वर्षांपूर्वी या बेटावर असलेल्या कोणा वाजवणाऱ्यांची पोटं दिसतात. परळचं कोरीव रोजचं जगणं म्हणायचं तर तेवढंच. चाळ, भोंगा, डबा, खानावळ यांतलं काहीही कोणी दगडात घातलं नाही.

फोर्टात घातलंय, पण वेगळं. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर लॉकवुड किपलिंगने शेतकरी-बाजारकरी कोरवले, आणि महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अॅशुरन्सच्या १९३६ च्या इमारतीवर ना. ग. पानसऱ्यांनी कष्टकरी माणसं उभी केलीत, उंच, सरळ, इजिप्तच्या देवळातून उतरल्यासारखी. पानसऱ्यांचं काम मला मनापासून आवडतं, त्या इमारतीसमोर मी बस सोडून उभा राहिलोय. पण त्या माणसांना घाम नाही. पर्सेपोलिसलाही तेच. तिथे इराणच्या राजाकडे नजराणे आणणारे तेवीस मुलखांचे लोक कोरलेत, त्यांत आपला हिंदी माणूसही आहे, उघडा, धोतर नेसलेला, अनवाणी, खांद्यावर कावड. फोटो बघून मला उचंबळून आलं. तरी तिथे कुठे रडणं नाही, बैलाच्या बरगड्या नाहीत, सगळे शिस्तीत रांगेने येताहेत. ज्या भिंतीवर सगळेच राजीखुशीने आलेत त्या भिंतीवर मी निमरूदपेक्षा कमी विश्वास ठेवतो. असिरियन राजा क्रूर होता, पण त्याने लूट ही लूट म्हणूनच कोरली.

राहिला कोरणारा. कल्हूच्या बांधकामावर जिंकलेल्या मुलखांतून आणलेली माणसं राबत होती. त्यांतलेच काही छिन्नीवर असतील, म्हणजे कोणी आपल्याच गावाचं पडणं कोरलं असेल, हे अशक्य नाही. नाव मात्र एकाचंही कळत नाही. आपल्याकडे नशीब थोडं बरं. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इसवी सनापूर्वीचा. त्याच्या हातावर लिहिलंय की हा कान्हदास सोनाराने केला. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपली नोंद ठेवलीय. सोनार दगडात उतरला, हस्तिदंतवाला दगडात उतरला. आमच्यातला एक शाडूवाला हल्ली सिनेमाचे सेट करतो, तसंच. राजाची आज्ञा नसताना यक्षाच्या हातावर आपलं नाव घालायचं धाडस त्या सोनाराने केलं, त्याबद्दल त्याला माझा नमस्कार सांगायला हवा होता. मी इतक्या मूर्तींचे डोळे काढले, पण पाटाखाली कधी नाव घातलं नाही. मालकाच्या नावाची पाटी असते, ती पुरे.

आता तुझं काम. बैल ओढून नेण्याची ती मालिका आहे ना, तिच्यातल्या दोर ओढणाऱ्यांच्या रांगा नीट बघ. टोप्या आणि कपडे वेगवेगळे आहेत, कारण ते वेगवेगळ्या मुलखांतले कैदी आहेत. मला बघायचेत त्यांचे हात. दोर खांद्यावरून कसा घेतलाय, अंगठा वर आहे की खाली, आणि एकाच रांगेतल्या दोघांची पकड वेगळी आहे का. वेगळी असेल तर कोरणाऱ्याने खरा दोर ओढणारा बघितला होता. सगळ्यांची एकच असेल तर तोही साचा, आणि मग माझं अर्धं म्हणणं बाद, तसं निबंधात लिही. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस, तिथे तो दाबला जातो आणि बोटं पुसतात. मेलला जोड, मूळ आकाराचा. मी इथे छापून घेईन.

गणपतीचं काम सुरू झालंय, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर रागावू नकोस. आणि ताईला रविवारी फोन कर. ती म्हणते तू लिहितेस ते सगळं मामाला, आईला नुसती थंडीची खबर.

तुझा,
मामा